न उघडलेला पाचवा खोका

खोक्यावर निळ्या मार्करने, मोठ्या अक्षरांत: काशिफाच्या लग्नाला.

खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकला की पुस्तकाला कसर लागत नाही.

तेवीस ब्लँकेटं. दिघीत थंडी पडत नाही.

नमाजमध्ये असलेल्या माणसाला हाक मारू नये. मारली तरी उत्तर येत नाही.

फेरीबोटीची पुढची फळी खाली टेकते तेव्हा आधी मोटारसायकली उतरतात, मग गाड्या, मग ज्यांना घाई नाही ती माणसं.

एका वहीतल्या यादीच्या शेवटी कुणीतरी शिसपेन्सिलीने वजाबाकी केली आहे. हातचा घ्यायला विसरलं आहे.

हे सगळं एकाच गोष्टीतलं. पुढे जे आकडे येतील ते खोक्यांचे. त्या त्या दिवशी घरात किती उरले होते, त्याचे.

चौतीस

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, दहाच्या फेरीबोटीवर, काशिफा कठड्याला टेकून उभी होती. पायाशी तांदळाची गोणी. गोणीत वाळवीने खाल्लेली सतरा पुस्तकं. दिघी मागे पडली होती, आगरदांडा अजून समोर धूसर होता, आणि खाडीचं हे मधलं खोल पाणी, तेच तिला हवं होतं. कुराणाची जीर्ण पानं रद्दीत देत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. गोष्टींच्या पुस्तकांसाठी असा काही नियम नाही. पण रद्दीवाल्याच्या काट्यावर त्यांना चढवायचं म्हटलं की ती त्यांना परत खाटेखाली सरकवायची. आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी तिला पुस्तकांबरोबर आणखीही बरंच काही सोडून द्यायचं होतं... काय ते तिने स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं.

तिने गोणीचं तोंड सोडलं. शेजारी उभा असलेला एक उंच, सावळा माणूस चटकन दोन पावलं मागे सरला, डोक्यावरची टोपी त्याने नीट केली आणि हात दुआसाठी उचलले.

मग त्याचं लक्ष गोणीत गेलं. वर एका राक्षसाचं चित्र होतं.

"ही... कुराणाची पानं नव्हेत," तो म्हणाला.

"मी कुठे म्हटलं?"

"मग बुडवता कशाला?"

"वाळवी लागलीय."

"वाळवी लागली म्हणून बुडवायचं म्हटलं तर आमच्या मामूंना आधी बुडवायला हवं. त्यांच्या दुकानाला कधीची लागलीय."

ती हसली नाही. घरी गेल्यावर, चहाचं आधण ठेवताना, एकटीच हसली. पण ते त्याला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

त्याचं नाव मुसअब. दोह्याला एका छापखान्यात सहा वर्षं पुस्तकबांधणीचं काम केलं होतं. मालकाने छापखाना मिटवला तसा तो परत आला. आता दिघीच्या जेट्टीवर करमअली मामूंच्या दुकानामागे, बिस्किटांच्या डब्यांच्या आडोशाला, शाळेची हजेरीपुस्तकं आणि मशिदीतली जुनी कुराणं बांधत होता. नव्या व्हिसाची वाट पाहत होता. या किनाऱ्यावरची अर्धी तरणी माणसं कुठल्या ना कुठल्या व्हिसाची वाट पाहतच जगतात. त्यात कुणाला नवल वाटत नाही.

"एक द्या," तो म्हणाला. "एकच. आठ दिवसांनी बघा. नाही आवडलं तर मी स्वतः बुडवून देतो... दुआसकट."

तिने राक्षसाचं पुस्तक त्याच्या हातावर ठेवलं. बाकीची सोळा घेऊन, त्याच फेरीने, उतरून पुन्हा चढून, ती परत आली. नावाड्याने विचारलं, काय गो, आगरदांड्याला काम न्हवतं का? ती म्हणाली, झालं.

बत्तीस

काशिफाचं घर म्हणजे घर नव्हतं, गोदाम होतं.

तिचे अब्बू चोवीस वर्षं कुवेतला होते. दर दोन वर्षांनी यायचे, आणि आले की खोके यायचे. ती दोन वर्षांची असताना पहिला आला: काचेची भांडी, त्यावर निळ्या मार्करने काशिफाच्या लग्नाला, खाली गावाचा पत्ता, अम्मीचं नाव. मोबाइल आल्यावर अम्मीचा नंबरही. मग ब्लँकेटं, थर्मास, साबण, पुन्हा ब्लँकेटं. ती पंधरा वर्षांची असताना अब्बू तिथेच कामावर असताना गेले, तिथल्याच मातीत पुरले गेले, आणि दोन महिन्यांनी जहाजाने त्यांचे शेवटचे सहा खोके आले. अब्बूंचं गावात जे काही परत आलं ते एवढंच. अम्मीने त्यातला एकही उघडला नाही, एकही हलवला नाही. तीन भिंतींना छतापर्यंत चौतीस खोके. खाडीकडची खिडकी त्यांच्यामागे गाडली गेली होती. काशिफाची पुस्तकं खाटेखाली, जमिनीवर, ओलीत... वाळवीला दावत.

दोन स्थळं येऊन गेली. पाव्हण्यांना बसायला जागा न्हवती, म्हणून जमलं न्हाय, असं अम्मी सांगायची. ते खरं कारण नव्हतं, पण अम्मीला तेवढंच पेलत होतं. काशिफा सव्वीस वर्षांची झाली होती. सकाळी डोळे उघडले की समोर स्वतःचंच नाव चौतीस वेळा, आणि त्याखाली एक लग्न, जे कुठेच नव्हतं. ती बालवाडीत शिकवायची, मुलांना टाळ्या वाजवून गाणी म्हणायला लावायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. अम्मीला वाटायचं, थकली. ती थकली नव्हती. तिला उठायचं कारण सापडत नव्हतं.

आठव्या दिवशी ती जेट्टीवर गेली. मुसअबने राक्षस पुढे केला. नवं कोरं नव्हतं ते. जुनंच होतं, पण ताठ उभं राहिलं होतं. वाळवीने खाल्लेल्या कडांना त्याने पातळ कागदाची ठिगळं लावली होती, आणि पाठीवर लाल दोऱ्याचे पाच टाके, एका रेषेत.

काशिफा ते नुसतं उघडत राहिली, मिटत राहिली.

"बुडवू?" त्याने विचारलं.

"बाकीच्यांचं काय?"

"पुठ्ठा संपला. इथे चांगला मिळत नाही, माणगावहून आणावा लागतो. खोक्याचा जाड पुठ्ठा असतो ना, परदेशी मालाचा, तसा मिळाला तर..."

तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्यासमोर हसली. आणि हसता हसता तिचे डोळे भरले, त्यामुळे मुसअबला काही कळेना.

पहिले तीन खोके तिने स्वतः उघडले. अम्मीने अडवलं नाही, पण त्या दिवशी जेवलीही नाही. पहिल्यात दगड झालेली सरबताची पावडर. दुसऱ्यात कपबशा, आणि त्या गुंडाळायला अब्बूंचा वापरलेला शर्ट. कॉलर मळलेली. मग त्या दोघींनी किती वेळ काय केलं ते सांगत नाही. तिसरा खोका तिने अर्धा उघडून पुन्हा चिकटवला आणि चार दिवस बालवाडीत गेली नाही.

मुसअबने ऐकून घेतलं. मग सुईत दोरा ओवता ओवता, वर न बघता म्हणाला, की उघडायचं नाही. उघडलं की माणूस अडकतं. ज्याला द्यायचं त्याला तसाच द्या, बंद. आतलं तुमचं, खोका तेवढा परत द्या म्हणा.

"न उघडता?"

"न उघडता. अब्बूंनी लग्नाला म्हणून दिलेलं कुणाच्यातरी लग्नात गेलं की झालं. कुणाच्या, ते त्यांनी कुठे लिहिलंय?"

"माझं नाव लिहिलंय."

"हां," तो म्हणाला. "ते एक आहेच."

नऊ

मग तसंच चाललं. खोके बंद जायचे... शेजारच्या केसरच्या मुलीच्या लग्नाला, मशिदीच्या पाहुण्यांना, बालवाडीला. रिकामे परत ओटीवर यायचे. दर आठवड्याला मुसअब येऊन ते घेऊन जायचा, ओटीच्या आत पाऊल न टाकता, बाहेरूनच अम्मीला हाक देऊन: खाला, खोके नेतोय. आणि खोक्यांची पुस्तकं होऊन परत यायची. त्यांच्या कव्हरांच्या आतल्या बाजूला अजून विमानतळाचे शिक्के दिसायचे, कुठे निळं 'का', कुठे 'लग्ना'.

शनिवारी दुपारी काशिफा दुकानामागे टाके शिकायला बसू लागली. मध्ये टेबल, टेबलावर खळीचा डबा, आणि दर पाच मिनिटांनी आत डोकावणारे करमअली मामू, ज्यांना बिस्किटांचा डबा कधीच सापडत नसे.

"पान अठ्ठेचाळीसवर तू रडली होतीस," मुसअब एकदा म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांपैकी कुणालाच आठवत नव्हतं.

"कशावरून?"

"कागद फुगलाय."

"पाऊस गळला असेल."

"एकच थेंब?"

"आमच्याकडे तसाच गळतो."

त्याने ते पान उजेडाकडे धरलं. "नाही गो. पाऊस वरून येतो. हा तिरका पडलाय... उशीवर झोपून वाचणाऱ्या बाईचा."

तिने सुई त्याच्या बोटात टोचली. चुकून, असं ती म्हणाली. मामूंना तेवढ्यात डबा सापडला.

तिने त्याला ब्लँकेटच्या काठाचं सुईघर शिवून दिलं, एक बाजू वाकडी. तो ते खिशात घालून फिरू लागला; फेरीवरचे लोक विचारायचे, हे काय, तो म्हणायचा, पासपोर्ट. त्याने तिला बारीक बारीक वह्या करून दिल्या, तळहाताएवढ्या, बालवाडीतल्या प्रत्येक मुलासाठी एक. विकत आणलेल्या, लांबून आलेल्या, चिकटपट्टीत गुंडाळलेल्या वस्तूंनी तिचं आयुष्य भरलं होतं. हाताने केलेलं असं तिला आजवर कुणी काही दिलं नव्हतं. त्या वहीचा एक कोपरा किंचित तिरपा असायचा. त्या तिरपेपणात करणारा बसलेला असतो, हे तिला तेव्हा कळलं.

जूनमध्ये खिडकी उघडली. अकरा वर्षांनी. कडी गंजलेली, मुसअबने बाहेरून ढकलली, काशिफाने आतून ओढली. खारा वारा भसकन आत आला, आणि अम्मी, हुस्नबानू तिचं नाव, स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"खाडी दिसते की," ती म्हणाली. जणू कुणी आजच आणून ठेवली होती.

खिडकीशेजारच्या भिंतीवर काशिफाने फळ्या ठोकून घेतल्या. दोनशे पाच पुस्तकं. सगळी उभी राहिली. वरच्या फळीवर उजवीकडे वीतभर जागा उरली, ती तिने मुद्दाम रिकामी ठेवली. का, असं मुसअबने खिडकीतून विचारलं. ती म्हणाली, सुचेल काहीतरी.

त्या पंधरवड्यात ती सकाळी लवकर उठायची. केर काढायची. गुणगुणायची. एवढंच सुख होतं त्यांचं, आणि ते जून संपेपर्यंत पुरलं.

चार

सांगून टाकायला हवं, कारण पुढचं त्यावरच आहे: इथे मुलीच्या घरून कुणी विचारत नाही. लग्नाचा पैगाम मुलाच्या घरून यायचा असतो, त्याची आई आणि दोन बायका, हातात मिठाई. त्याआधी मुलीने वाट पाहायची असते. काशिफा वाट पाहत होती.

जुलैच्या बावीस तारखेला माणगावच्या पलीकडच्या खोऱ्यात नदी गावांत शिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी मशिदीच्या जमातीचा टेम्पो घरोघर फिरू लागला: कपडे, भांडी, पांघरुणं, जे असेल ते द्या. काशिफाकडे अब्बूंचे शेवटचे चार खोके उरले होते. ब्लँकेटांचे, वजनावरून कळत होतं. तिने क्षणभर त्यांवर हात ठेवला, मग एकेक ओढत ओटीवर आणून ठेवायला लागली. तिसरा आणून ठेवला, चौथ्यासाठी आत वळली. माळ्याखाली तो अडकला होता. दहा मिनिटं तिची त्याच्याशी झटापट चालली.

त्या दहा मिनिटांत मुसअब आला.

त्याच्या हातात एक खोका होता. तिचाच, रिकामा नेलेला, आता नीट चिकटपट्टी लावून बंद केलेला. वर निळ्या मार्करची ओळ तशीच. दाराच्या आत अम्मी दुपारच्या, जोहरच्या नमाजला उभी होती, पाठमोरी. तिची नमाज सुरू आहे हे त्याला पडद्यामुळे दिसलं नाही. त्याने ओटीवर खोका ठेवला आणि म्हणाला, खाला, हा खोका ठेवलाय, काशिफाला आजच बघायला सांगा. आतून उत्तर आलं नाही. त्याला वाटलं, अम्मीने ऐकलंय, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीवर ती काय बोलणार. तो झपझप निघून गेला. असं काही ठेवून आल्यावर थांबवत नाही.

अम्मीने सगळं ऐकलं होतं, 'आजच'सुद्धा. नमाजमध्ये माणूस ऐकतो, बोलत नाही.

काशिफाने चौथा खोका आणून ठेवला तेव्हा टेम्पो दारात वाजत होता. ओटीवर खोके होते. तिने मोजले नाहीत. मोजायचं, उघडायचं, अडकायचं, हे सगळं तिने सोडून दिलं होतं. तेच तर ती शिकली होती. टेम्पोवाल्यांनी पटापट उचलले. चार तिचे होते. पाचवा नव्हता.

अम्मी नमाज आटोपून बाहेर आली तर ओटी स्वच्छ.

"मुसअब आलेला," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"मी नमाजला होते गो. खोका-बिका कायतरी म्हणाला."

रिकामे न्यायला आला असेल, काशिफाला वाटलं. तिने ओटी पुसून घेतली.

शून्य

व्हिसा आला हे तिला करमअली मामूंकडून कळलं. दहा दिवसांत जायचंय म्हणाले, मुंबईला मेडिकलला गेलाय. काशिफा दुकानासमोर उभी राहिली, हातात विनाकारण घेतलेला बिस्किटांचा पुडा. दहा दिवस, आणि त्याने सांगितलंही नाही... तिला काय ठाऊक, की त्याने सांगितलं होतं.

तो परत आला त्या संध्याकाळी ती जेट्टीवर गेली. फेरी नुकतीच लागली होती. तो उतरला, शेवटी उतरला, आणि तिला पाहून जागच्या जागी थबकला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं. तेव्हा तिला वाटलं, ती भीती आहे.

"जातोयस म्हणे," ती म्हणाली.

"हां."

"बरं झालं."

पाणी फळीखाली आपटत होतं.

"खोक्याचं..." त्याने सुरुवात केली आणि थांबला. "खोक्याचं काय केलंस?"

ती हसली. त्याने कौतुक करावं म्हणून हसली, कारण दुसरं काही मागायला तोंड नव्हतं.

"दिले. सगळे दिले. पूरवाल्यांना."

"सगळे?"

"एकसुद्धा ठेवला नाही. तूच सांगितलंस ना, द्यायचं तर मागे बघायचं नाही."

मग त्याने मान हलवली, सावकाश, दोनदा, समजल्यासारखी.

"बरं केलंस," तो म्हणाला.

"घर मोकळं झालं अगदी."

"व्हय. मोकळं झालं."

ती वाट पाहत होती. तोही पाहत होता. मामूंनी दुकानातून हाक मारली, चहा झालाय. तो गेला. तिने त्याला जाऊ दिलं, कारण पैगाम मुलाच्या घरून यायचा असतो.

पुढचं सगळं आठ दिवसांत झालं. त्याच्या आईने जुनाच विषय काढला, मामूंची मधली मुलगी. या वेळी तो नाही म्हणाला नाही. शुक्रवारी निकाह, रविवारी विमान. बोलावणं काशिफालाही आलं. तिने चार दुपारी बसून एक वही बांधली, फोटो लावायला, नव्या नवरीसाठी; पाठीवर लाल दोऱ्याचे पाच टाके, एका रेषेत. टाके चांगले आले होते. तिचे आजवरचे सगळ्यात चांगले. नवरीने उलटसुलट करून पाहिली आणि खूश होऊन नवऱ्याकडे दिली. मुसअबने पाठीवरून अंगठा फिरवला, पहिल्या टाक्यापासून पाचव्यापर्यंत, आणि वही परत केली.

काशिफा बिर्याणी जेवली. दोनदा वाढून घेतली. कुणाला काही कळू नये म्हणून माणूस काय काय करतो.

शून्य, तसंच

डिसेंबरात अम्मीच्या फोनवर एका अनोळखी बाईचा फोन आला. काशिफाने घेतला. ती रुचिका, पूर आलेल्या खोऱ्यातल्या एका वाडीवर प्राथमिक शाळेत शिक्षिका. म्हणाली, नंबर खोक्यावर होता. उशीर झाला फोन करायला, माफ करा. चार खोक्यांत ब्लँकेटं होती, खूप उपयोगी पडली. पाचव्यात ब्लँकेटं नव्हती.

"पाचव्यात?" काशिफा म्हणाली.

"एक पुस्तक आणि एक वही. वही हाताने केलेली आहे. शाळेचं सगळं वाहून गेलं होतं हो, कागदसुद्धा नव्हता. मागची कोरी पानं दिसली, मी मुलांना लिहायला दिली. मग एक दिवस पुढची पानं वाचली..." ती थांबली. "तुम्ही येऊन बघा. मला फोनवर सांगता यायचं नाही."

एस.टी.ने माणगाव, तिथून जीप, मग चालत. शाळेच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. आत तेवीस मुलं, अंगाभोवती ओळखीच्या रंगांची ब्लँकेटं गुंडाळून, पाढे म्हणत होती. इथे थंडी पडत होती.

रुचिकाने तिला खिडकीखाली बसवलं आणि वही दिली. खोक्याच्या पुठ्ठ्याचं कव्हर. आत मुसअबचं अक्षर. ती यादी होती. तिच्या सगळ्या पुस्तकांची, ज्या क्रमाने त्याने ती बांधली त्या क्रमाने, आणि प्रत्येकाखाली एक ओळ.

१७. पहिल्या पानावर तिचं नाव तीनदा, तीन वळणांत. तिसरं सुंदर.

४३. आत माणगाव ते श्रीवर्धन तिकीट. एकटीच गेली होती का? विचारायचं राहिलं.

६६. पान ४८. एक थेंब. पाऊस नव्हे.

१०१. सुरंगीची वाळलेली फुलं. वास अजून आहे, म्हणून काढली नाहीत.

१५८. हे बांधताना ती समोर होती. टाके वाकडे आलेत. सोडून नीट घालावेसे वाटले नाहीत.

असं दोनशे पाचपर्यंत. ती प्रत्येक ओळ वाचत गेली. कुठे मुलांनी कडेला मासे काढले होते, कुठे अ अननसाचा. एकदा ती मोठ्याने हसली आणि सगळी मुलं वळून पाहू लागली. मग यादीचं शेवटचं पान आलं.

२०६. हे माझं. दोह्याच्या खोलीत आम्ही सात जण होतो आणि पुस्तक हे एकच. तुझ्या भिंतीवर वीतभर जागा आहे. त्यात हे ठेवशील? आणि घरात मला? ठेवायचं असेल तर खालांना सांग, माझी अम्मी पैगाम घेऊन येईल. व्हिसा मी परत करेन, मामूंच्या मागेच बांधत बसेन. नको असेल तर काही बोलू नकोस. खोका कुणालाही देऊन टाक. मी समजेन, आणि पुन्हा विचारून तुला अवघडवणार नाही.

त्याखाली शिसपेन्सिलीने: ५२ वजा २७. उत्तर ३५.

काशिफाने ते गणित बराच वेळ पाहिलं. मग वही मिटली. रुचिका म्हणाली, घेऊन जा, तुमचीच आहे. पुस्तकही काढून ठेवलंय.

"मुलं वाचतात का ते?"

"रोज भांडतात त्यावरून."

"मग राहू दे."

"आणि वही?"

अजून काही पानं कोरी होती. काशिफाने ती मोजली, अकरा निघाली. तिने हातातली वही मुलांच्या घोळक्यातल्या पहिल्या हातावर ठेवली, आणि ज्याचं गणित चुकलं होतं त्याला शोधून, शेजारी बसून, हातचा कसा घ्यायचा ते शिकवलं. त्याला तिसऱ्यांदा जमलं.

दोह्याला फोन करता आला असता. नंबर होता. जीपमध्ये तिने तो दोनदा काढला. पलीकडे एका बाईचा नवरा होता, आणि त्या बाईच्या कपाटात काशिफाच्या हातची वही होती, लग्नाचे फोटो लावलेली. तिने फोन पिशवीत टाकला.

घरी पोचली तेव्हा अम्मीने विचारलं, काय गो, शाळा कशी हाय? ती म्हणाली, चांगली आहे. खिडकी उघडी होती. भिंतीवर दोनशे पाच पुस्तकं नीट उभी होती, एकावरही धूळ नव्हती. ती जेवली, भांडी घासली, ओटा पुसला, आणि मग करायला काहीच उरलं नाही. घर इतकं आवरलेलं होतं की रडायला बसावं तर कुठेही आडोसा नव्हता.

सहा

जुलैच्या नऊ तारखेला, टेम्पो येण्याच्या चौदा दिवस आधी, स्वयंपाकघरात बोंबील साफ करता करता काशिफाने अम्मीला सांगितलं की मुसअबने विचारलं तर ती हो म्हणणार आहे. अम्मी म्हणाली, बरं.